पिंजऱ्यातला बिबट्या तोच का? दहशतवाद आणि सरकारच्या उत्तराची गोष्ट, सोप्या भाषेत

१ ऑगस्ट २०२५. धुळ्यात बसस्थानकाजवळच्या टपरीवर पेपर एकच आणि वाचणारे आठ-दहा जण. पहिल्या पानावर मालेगावच्या निकालाची बातमी. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बापूंनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, "मंग हाई करं कोनी?"

मग हे केलं कुणी? मला उत्तर देता आलं नाही.

दहा दिवसांत असे दोन निकाल आले होते. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्या सात स्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली होती. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल तूर्त दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. मग ३१ जुलैला मुंबईच्या विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. तिथे सहा जण मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. एका खटल्यातले आरोपी एका धर्माचे, दुसऱ्यातले दुसऱ्या. त्यामुळे ज्याने एका निकालावर पेढे वाटले, तोच दुसऱ्यावर संतापला. बापूंचा प्रश्न मात्र दोन्हीकडे तसाच उभा राहतो.

धुळ्याहून मालेगाव पन्नासएक किलोमीटर. आपली माणसं तिथे मागावर कामाला आहेत, लेकीबाळी दिलेल्या आहेत, कापडाचा धंदा आहे. म्हणून हा विषय दिल्ली-मुंबईचा म्हणून सोडून देता येत नाही. मुळापासून समजून घेऊ.

दहशतवाद साध्या खुनापेक्षा वेगळा कसा?

२०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, ते दिवस आठवा. हल्ले मोजक्या शिवारांत झाले, पण भीती शेकडो गावांत पसरली. रातची लाईट असली तरी पाणी भरायला कुणी मळ्यात जाईना. बाया कापूस वेचायला निघाल्या तर घोळक्यानेच. शाळेतून पोर यायला दहा मिनिटं उशीर झाला की माय दारात उभी.

बिबट्याला ही भीती पसरवायची नव्हती. त्याला भूक होती. दहशतवाद्याला मात्र हीच भीती हवी असते. साधा खुनी ज्याच्याशी वैर त्यालाच मारतो आणि लपवतो. दहशतवादी ज्यांना मारतो त्यांच्याशी त्याचं वैर नसतं, त्यांची नावंही त्याला ठाऊक नसतात. त्याचा निरोप जिवंत राहिलेल्यांसाठी असतो.

तेव्हा तीन खुणा लक्षात ठेवा. हिंसा किंवा हिंसेची धमकी असते. मरणारा एक आणि घाबरवायचा दुसराच असतो. आणि त्यामागे पैसा किंवा भाऊबंदकी नसून काही राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक मागणी असते. आपल्या कायद्यातली व्याख्या बरीच लांबलचक आहे, पण लोकांच्या मनात दहशत बसवण्याचा हेतू हा तिचा एक मुख्य खांब आहे.

यातून पुढची गोष्ट आपोआप निघते. दहशतवाद्याकडे फौज नसते, मुलूख नसतो. तो एक ढकल देतो आणि सरकार, पेपर, शेजारीपाजारी पुढे काय करतील यावर त्याचा सगळा डाव असतो. म्हणजे सरकारचं उत्तर हा त्या घटनेचाच दुसरा अर्धा भाग आहे. या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

हा शब्द मुळात सरकारसाठी होता

फ्रान्सच्या राज्यक्रांतीत १७९३-९४ मध्ये सत्तेवर बसलेल्यांनी हजारो लोकांना गिलोटिनखाली पाठवलं. त्या काळाला त्यांच्या भाषेत 'दहशतीचं राज्य' म्हणतात, आणि दहशतवादाचा इंग्रजी शब्द तिथूनच निघाला. तेव्हा दहशत माजवणारं खुद्द सरकार होतं.

आपल्याला हे समजायला फ्रान्सला जायची गरज नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या चौकात झेंडा घेऊन निघालेल्या पोरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची आणखी चार मुलं तिथेच पडली. त्या गोळ्या त्या पाच जणांसाठी होत्या, तशाच घरात बसलेल्या सगळ्या आई-बापांसाठीही होत्या.

पुढे शब्दाचा रोख उलटला. १८८१ मध्ये रशियात एका गुप्त क्रांतिकारी संघटनेने झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर बॉम्ब टाकून त्याला मारलं. त्यांना वाटलं, राजा मेला की जनता उठेल. उठली नाही. उलट त्याचा मुलगा आणखी कडक निघाला आणि गुप्त पोलिसांचं जाळं वाढलं. अभ्यासक तिथून आजपर्यंत साधारण चार लाटा मानतात. पहिली अराजकवाद्यांची, दुसरी वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या काळातली, तिसरी साठ-सत्तरच्या दशकांतली डाव्या विचारांची, चौथी धर्माच्या नावाने चाललेली. एकेक लाट साधारण एका पिढीएवढी टिकली. म्हणजे दहशतवाद कुठल्या एका धर्माच्या रक्तात असतो, या समजुतीला इतिहासात आधार नाही.

"मग आपले क्रांतिकारकही दहशतवादीच ना?"

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि तो टाळू नये. इंग्रजांच्या दप्तरात हाच शब्द होता. १८९७ मध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याला मारलं. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या. आणि आपल्या शिंदखेडा तालुक्यात, १४ एप्रिल १९४४ ला, चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी धुळ्याहून नंदुरबारला चाललेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. सरकारी कागदावर तो दरोडा होता. आपल्या आज्या तो स्वातंत्र्याचा लढा म्हणून सांगायच्या.

वरच्या तीन खुणांतली दुसरी इथे लावून बघा. चिमठाण्याला निशाणा सरकारी तिजोरीवर होता, रस्त्याने चाललेल्या माणसांवर नव्हता. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी १९२९ मध्ये असेंब्लीत बॉम्ब टाकले ते कुणी मरू नये अशा बेताने, आणि पळून न जाता अटक करून घेतली. बाजारात, लोकलच्या डब्यात, मशिदीबाहेर किंवा पर्यटकांच्या घोळक्यात दिसेल त्याला मारणं ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. रँड किंवा जॅक्सन यांच्याबद्दल प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतात. नुसत्या सामान्य माणसांना वेचून मारण्याबद्दल ते होऊ नयेत असं माझं मत आहे, मागणी कितीही न्याय्य असो.

जगाला मात्र अजून एक व्याख्या ठरवता आलेली नाही. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाल्यावर राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, १९३७ मध्ये दहशतवादाविरुद्ध करार केला. त्यावर वीसहून जास्त देशांनी सह्या केल्या, पण तो पक्का मंजूर केला एकट्या हिंदुस्थानने, तेही इंग्रजी अमलात. तो करार कधीच लागू झाला नाही. स्वतंत्र भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे नवा मसुदा ठेवला. तोही व्याख्येवरच अडलेला आहे.

सरकारं काय काय करतात? खानदेशची दोनशे वर्षांपूर्वीची शाळा

आता उत्तराकडे वळू. इथे आपल्या मातीतलाच एक धडा आहे आणि तो शाळेत नीट शिकवला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भिल्लांना मी दहशतवादी म्हणत नाही. त्यांचा उठाव हक्कांसाठी होता. पण 'प्रदेश शांत करायचा' म्हणून सरकार काय काय करून बघतं, हे त्या गोष्टीत जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं क्वचित कुठे दिसतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या घाटवाटा राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नायकांकडे होतं. त्याबद्दल गावांकडून, व्यापाऱ्यांकडून त्यांचा ठरलेला हक्क मिळायचा. धामधुमीत ते हक्क बुडाले. पोट भरायची वाट बंद झाली, तशा टोळ्या खाली उतरू लागल्या. इंग्रजांनी आधी एकच उपाय केला. डोंगरात पलटणी घातल्या, नायक पकडले, फासावर दिले. एक नायक गेला की दुसरा उभा राहायचा. डोंगरातल्या तापाने गोरे-काळे शिपाईच जास्त आजारी पडायचे. सात वर्षं असं चाललं.

१८२५ मध्ये धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार बघणाऱ्या कचेऱ्या, नेमल्या. शरण येणाऱ्याला माफी, कसायला जमीन, बी-बियाणाला आणि बैलाला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज. आणि जेम्स आऊट्रम या तरुण अधिकाऱ्याला सांगितलं की भिल्लांचीच पलटण उभी कर. धरणगावला तिचा तळ पडला. आऊट्रम त्यांच्यासोबत जंगलात राहिला, शिकारीला गेला, त्यांच्या भरवशावर झोपला. आधी बोटावर मोजण्याएवढे आले, मग शेकडो. ज्या हातांनी घाट अडवले होते, तेच हात घाट राखू लागले. सात वर्षांत पलटणींना जे जमलं नव्हतं ते जमलं, कारण दोषी नायक आणि त्याच्यामागची उपाशी वस्ती यांत सरकारने पहिल्यांदा फरक केला.

ही गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण इंग्रजांना शांतता हवी होती, न्याय नको होता. सावकारी वाढली, जंगल गेलं. १८५७ च्या धामधुमीत घाटाची राखण करणारे खाज्या नाईकच उलटले, सरकारी खजिना लुटला आणि ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्ल मारले गेले, पकडलेल्यांनाही गोळ्या घातल्या, बायकापोरांना धरून नेलं. पुढे १८७१ मध्ये तर इंग्रजांनी कायदाच केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. पोरगं जन्मलं की पोलिसांच्या वहीत. तो कायदा निरनिराळ्या रूपांत १९५२ पर्यंत टिकला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्याच कायद्यातून सुटल्याबद्दल. पण आजही कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली पारध्यांच्या पालावर जाते, ते आपण बघतोच.

दोषी माणूस शोधणं हे एक उत्तर. त्याच्या सगळ्या जातीला, गावाला, धर्माला धरणं हे दुसरं उत्तर. दोनशे वर्षांत जगातली सरकारं या दोहोंमध्येच हेलकावे खात आली आहेत.

जास्त फवारलं तर काय बिघडतं?

कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. किडीच्या रागाने जहाल औषध दुप्पट मारलं की चार दिवस पान स्वच्छ दिसतं. पण किडीला खाणारे मित्रकीटकही मरतात, मग पांढरी माशी उसळून येते.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारने, ब्रिटिश सरकारच्या संमतीने, संशयितांना खटल्याविना कोंडायचा हुकूम काढला. पहिल्याच दिवशी साडेतीनशेच्या आसपास माणसं उचलली, जवळपास सगळी एकाच, म्हणजे कॅथलिक समाजाची, त्यातले कित्येक जुन्या यादीवरचे आणि काही संबंध नसलेले. पोलिसांना गल्लीतली बातमी पुरवणारी तोंडं त्याच दिवशी बंद झाली आणि बंदूक हातात घेणारी पोरं वाढली. १९७२ हे तिथल्या तीस वर्षांच्या संघर्षातलं सगळ्यात रक्तरंजित वर्ष ठरलं. जवळपास पाचशे माणसं मेली. शेवटी १९९८ च्या करारानेच तिथे बहुतांशी शांतता आली. आपल्याकडे १९१९ च्या रौलट कायद्याने 'ना वकील, ना अपील' असा कारभार आणला, त्याच साली जालियनवाला बाग घडली. त्यातून इंग्रजी राज्य घट्ट झालं नाही, त्याची मुळं उखडायला लागली.

अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी संघटना तपासल्या. त्यातल्या ज्या संपल्या त्या कशाने संपल्या? ४३ टक्के राजकारणाच्या वाटेवर येऊन. ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता खात्यांनी म्होरके टिपल्यामुळे. सैन्याच्या बळावर संपल्या फक्त ७ टक्के. उरलेल्या १० टक्क्यांनी आपलं उद्दिष्ट गाठलं.

"मग सैन्य नकोच का?" असं मी म्हणत नाही. सीमेपलीकडून शस्त्रं आणि माणसं येतात तिथे सैन्य लागतंच. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात सहा महाराष्ट्राचे होते. ७ मे च्या ऑपरेशन सिंदूरनंतरही मारेकरी मोकळेच होते. २८ जुलैला श्रीनगरजवळच्या डोंगरात तिघांना सुरक्षा दलांनी मारलं. दुसऱ्या दिवशी लोकसभेत सरकारने सांगितलं की सापडलेल्या बंदुका चंडीगडच्या प्रयोगशाळेत तपासल्या आणि पहलगामला पडलेल्या काडतुसांशी त्या जुळल्या. मला त्या बातमीतलं हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. मारल्यावरसुद्धा 'तेच का?' हे विचारलं गेलं.

आपले कायदे: टाडा, पोटा, यूएपीए

नावं बाजूला ठेवा, मतलब एवढाच. साध्या गुन्ह्यात पोलिसांना आरोपपत्र, म्हणजे पुराव्यासह लेखी आरोप, साठ किंवा नव्वद दिवसांत न्यायालयात द्यावं लागतं. नाही दिलं तर जामीन मिळतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत, कारण मारझोडीची भीती. दहशतवादाच्या कायद्यांनी ही कुंपणं सैल केली.

१९८५ मध्ये टाडा आला. बड्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब त्यात चालायचा. १९९५ मध्ये मुदत संपून तो गेला, तोवर ७६ हजारांवर माणसं अटकेत गेली होती आणि दोषी ठरण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होतं. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली. तो खटला याच कायद्याखाली चालला आणि शिक्षा झाल्या, हेही खरं. पण त्याच कायद्याखाली गुजरातेत शेतकरी आंदोलकही आत गेले होते. २००२ ते २००४ पोटा होता. आता १९६७ चा यूएपीए आहे, त्याला वेळोवेळी धार लावली. २६/११ नंतर, २००८ मध्ये, आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येऊ लागली, आणि आरोप वरवर पाहता खरा वाटला तर जामीन देऊ नये असं ठरलं. २०१९ पासून संघटनेलाच नव्हे तर एकट्या माणसालाही खटल्याआधी दहशतवादी जाहीर करता येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही दहशतवादाचं वेगळं कलम आलं.

दिलासा एकच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खटला वर्षानुवर्षं रखडला, तर जामिनाची ही आडकाठी न्यायालयाला रोखू शकत नाही.

"कायदा ढिला केला तर कसाब सुटला असता"

नेमकं उलट आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. ती एक पकड नसती तर पाकिस्तानशी लागलेला धागा न्यायालयात जोडणं कितीतरी अवघड झालं असतं. त्याला वकील दिला, साक्षीपुरावे झाले, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात अपीलं झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांत सगळं. आणि ज्या न्यायालयाने कसाबला फाशी दिली त्यानेच दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडलं, वरच्या न्यायालयांनीही ते मान्य केलं. तरी त्या निकालाचं वजन कमी झालं नाही. उलट जगात कुणी त्यावर बोट ठेवू शकलं नाही.

चुकीचा बिबट्या

आता बापूंच्या प्रश्नाकडे.

गावात माणूस मेला की वनखात्यावर दडपण येतं. पिंजरा लागतो, एक बिबट्या अडकतो, फोटो निघतात, लोक सुटकेचा श्वास टाकतात. तो नरभक्षक नसेल तर? त्या जनावरावर अन्याय झालाच, पण त्याहून भयंकर म्हणजे लोक बेसावध झाले आणि खरा बिबट्या उसाच्या फडातच आहे.

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार. शब-ए-बरातचा दिवस. मालेगावात हमीदिया मशीद आणि बड्या कब्रस्तानाजवळ नमाज सुटताना स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. मी त्या दुपारी धुळ्याहून नाशिकला निघालेल्या एस.टी.त होतो. झोडग्याला गाडी थांबवली. समोरच्या बाकावरच्या बुरख्यातल्या बाईच्या हातात मिठाईचा पुडा होता. सणाला माहेरी चालली होती. तिला कुणीतरी गावाचं नाव सांगितलं. तिने पुडा मांडीवर घट्ट धरला आणि दोन तास एक शब्द बोलली नाही. बसमध्येही कुणी तिच्याकडे बघेना.

त्या स्फोटांत आधी नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला, त्यांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केलं. दहा वर्षं. २००८ च्या स्फोटात आधी एका यंत्रणेने तपास केला, मग दुसरीने, दोघींचं म्हणणं जुळलं नाही. ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यातले तीसहून जास्त फितूर झाले, म्हणजे आधीच्या जबाबावरून फिरले. निकालाला सतरा वर्षं लागली. लोकल स्फोटांत उच्च न्यायालयाला ना कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले, ना ओळखपरेड. बारांपैकी एक जण निकालाआधीच कोठडीत वारला होता.

"निर्दोष सुटले म्हणजे निर्दोषच असतील असं कुठाय?" हेही टपरीवर कुणीतरी म्हणालं. न्यायालय एवढंच म्हणतं की पुरावा पुरला नाही. ते खरं आहे. पण पुरावा का पुरला नाही, याचं उत्तर न्यायाधीशाने नव्हे, तपास करणाऱ्याने द्यायचं असतं. पंचनामा त्याच दिवशी झाला का, नमुने सीलबंद होते का, साक्षीदाराला दहा वर्षं कुणी सांभाळलं, असल्या कंटाळवाण्या कामांवर हे खटले उभे राहतात किंवा कोसळतात. आरोपी कुठल्या धर्माचा आहे त्याने यात काडीचा फरक पडत नाही.

मालेगाव २००८ च्या निकालात न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख आणि जखमींना पन्नास-पन्नास हजार द्यायला सांगितलं. पेपरात ते शेवटच्या परिच्छेदात होतं. बापूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं, सहाने दोनला गुणलं आणि पेपर घडी करून टपरीवाल्याला परत दिला.